पहिली देणगी पाठवण्याआधी

छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती बांधवांसाठी काही करावंसं वाटतंय, याचा मनापासून आनंद आहे. पण बातमी वाचून भरून आलं म्हणून लगेच पैसे पाठवू नका. आधी संस्थेचे तपासलेले हिशेब मागा आणि तिथल्या स्थानिक चर्चमार्फत काम चालतं का ते विचारा. ‘एड टू द चर्च इन नीड’ १९४७ पासून, ‘ओपन डोअर्स’ १९५५ पासून या कामात आहे. सुरुवात अशा जुन्या संस्थांपासून करा.

२०१४ मध्ये इराकमधल्या मोसुल शहरात ‘इस्लामिक स्टेट’च्या दहशतवाद्यांनी ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर अरबी ‘नून’ अक्षर (‘नसरानी’ म्हणजे ख्रिस्ती, या शब्दाचं पहिलं अक्षर) रंगवलं आणि कुटुंबं नेसत्या वस्त्रांनिशी कुर्दी भागातल्या एर्बिल शहराकडे निघाली. तेव्हा जगभर हळहळ झाली. मोसुलजवळचं काराकोश हे ख्रिस्ती वस्तीचं गाव त्यांच्या ताब्यातून मुक्त झालं २०१६ मध्ये. जळालेली घरं पुन्हा उभी करायची वेळ आली, तोवर बातम्या थांबल्या होत्या. म्हणून एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा झेपेल तेवढं द्या, असं माझं ठाम मत आहे.

कोर्टकचेरीचा खर्चही विसरू नका. पाकिस्तानात आसिया बीबी या ख्रिस्ती महिलेला ईशनिंदेच्या आरोपावरून २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली, निर्दोष सुटका झाली २०१८ मध्ये. इतकी वर्षं वकील लागतो, घरच्यांना सुरक्षित निवारा लागतो.

आणि कळकळीची विनंती: पीडितांचे फोटो, नावं, प्रार्थनेची जागा कुठेही पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी त्यातून माणसं पकडली जाऊ शकतात. कैद्याला पत्र लिहायचं असेल तर संस्थेला विचारूनच लिहा.