किल्ल्यावर महाराजच का?

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

दिवाळीत आपण मेलबर्नच्या अंगणात किल्ला केला, त्यावर अळीव पेरले आणि माथ्यावर शिवाजी महाराजांना बसवले, तेव्हा तू विचारलेस की, अहिल्याबाई होळकरांचे राज्य एवढे चांगले होते, तर किल्ल्यावर त्या का नसतात? "तशी पद्धतच आहे" असे म्हणून मी वेळ मारून नेली. ते काही उत्तर नव्हते.

महाराजांची राज्य करण्याची रीतच किल्ल्यात दिसते. गडाचा कारभार त्यांनी कोणा एकाच्या हाती सोडला नाही. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे बरोबरीचे अधिकारी नेमले, म्हणजे एक जण फितूर झाला तरी गड जाऊ नये. चाकरीबद्दल शक्यतो जहागीर न देता रोख वेतन दिले, कारण जहागीरदाराला हळूहळू राज्यापेक्षा स्वतःच्या जहागिरीची काळजी जास्त वाटू लागते. १६८० मध्ये महाराज गेले, १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली आणि त्याच वर्षी रायगडही पडला. तरीही राजाराम महाराजांनी जिंजीहून आणि त्यांच्यामागे ताराबाईंनी लढा चालू ठेवला, आणि १७०७ मध्ये औरंगजेब दक्षिणेतच मरण पावला. (याच धामधुमीत जहागिरी देणे पुन्हा सुरू झाले, हेही सांगायला हवे.)

अहिल्याबाईंची गोष्ट वेगळी आहे. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. त्यानंतर १७९५ पर्यंत त्यांनी महेश्वरहून माळव्याचा कारभार पाहिला. फौजेची धुरा तुकोजी होळकरांकडे आणि महसूल व न्याय स्वतःकडे, अशी वाटणी होती. काशी विश्वनाथाचे देऊळ, गयेचे विष्णुपद मंदिर, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा यांतले कितीतरी काम त्यांनी आपल्या राज्याच्या हद्दीबाहेर, खासगीच्या उत्पन्नातून केले. मला स्वतःला हा भाग फार मोठा वाटतो, कारण दुसऱ्याच्या मुलखात विहीर बांधून कोणाची सत्ता वाढत नाही.

पण १७९७ मध्ये तुकोजीही गेले आणि त्यांच्या मुलांत वारसाहक्काची भांडणे पेटली. अहिल्याबाईंच्या मागे तसाच कारभार चालवील अशी घडी उरली नव्हती. उरले ते महेश्वरचे घाट, आणि त्यांनी आश्रय दिलेल्या विणकरांच्या मागावरची महेश्वरी साडी. तशी एक माझ्या कपाटात आहे.

म्हणून माथा महाराजांचाच राहू दे. पुढच्या वर्षी पायथ्याशी तळे करशील तेव्हा त्याला दगडांच्या पायऱ्या लाव आणि अहिल्याबाईंना तिथे बसव. आजीला फोनवर दाखवू. तिची तक्रार असलीच, तर अळीव फार दाट पेरल्याची असेल.

तुझी,
आई