वाचक विचारतात : अलॉय व्हीलचे ओरखडे आणि घरचा रंग

प्रश्न : फुटपाथच्या कडेला घासून दोन अलॉय व्हीलच्या कडा खरवडल्या आहेत. टायर न उतरवता घरी दुरुस्ती होईल का?

उत्तर : ओरखडे मिलिमीटर-दीड मिलिमीटरपेक्षा खोल नसतील तर होईल. चाक मात्र गाडीवरून काढूनच काम करा, नाहीतर रंग ब्रेकच्या डिस्कवर उडतो. चाके निघालेली असताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली स्टँड लावा.

पहिले काम धुण्याचे. साबणाच्या पाण्याने पुढून-मागून दोनदा धुवा आणि वाळल्यावर ग्रीस काढणाऱ्या द्रवाने पुसा : एक फडके लावायला, दुसरे कोरडे टिपायला. टायरच्या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन असते. त्याचा अंश राहिला की रंग तिथून बाजूला सरतो आणि गोल खळगे पडतात. पुसणे घासण्याआधीच करा, कारण नंतर तेच सिलिकॉन सँडपेपरखाली ओरखड्यांत रगडले जाते.

उभे राहिलेले कंगोरे कानशीने उतरवा. मग 120 नंबरच्या पेपरने खराब भाग स्वच्छ धातूपर्यंत घासा. भोवतालचा जुना रंग तीन-चार सेंटिमीटरपर्यंत असा उतरता करा की बोट फिरवल्यावर पायरी लागणार नाही. बाकीच्या रंगाची चमक 400 नंबरने मारा. गुळगुळीत पृष्ठभागावर नवा थर धरत नाही.

पुटी अॅल्युमिनियमला चालणारी घ्या आणि ती थेट घासलेल्या धातूवर भरा. अॅसिड असलेल्या 'एच' (etch, धातू किंचित कोरून धरणाऱ्या) प्रायमरवर पॉलिएस्टर पुटी लावू नका, ती नीट घट्ट होत नाही. पुटी घट्ट करणाऱ्या हार्डनरचे प्रमाण साधारण 100 ग्रॅमला 2 ग्रॅम असते, तरी डब्यावरचा आकडा पाहाच. हार्डनर वाढवला की पुटी लवकर आवळते, पण ठिसूळ होते आणि तिचा डाग रंगातून वर येतो. कालवलेली पुटी चार-पाच मिनिटेच हातात असते, म्हणून सुपारीएवढीच कालवत जा. अर्ध्या तासाने 180 आणि मग 320 नंबरने घासा.

टायर झाकायला पत्त्यांच्या कॅटइतके सोपे साधन नाही. हवा सोडा आणि टायर व रिमच्या फटीत पाने एकावर एक सरकवत पूर्ण फेरा करा. व्हॉल्व्हवर, नट बसतात त्या खळग्यांवर आणि हबला टेकणाऱ्या मागच्या सपाट भागावर टेप लावा. तिथे रंगाचा जाड थर चढला तर चाक फिरताना तो दबतो, झिजतो आणि कसलेले नट सैल पडतात. ही टेप लावायला विसरू नका.

प्रायमर इपॉक्सीचा घेतलात तर तो उघड्या धातूवर आणि पुटीवर सारखाच धरतो. दोन थर पुरतात. वाळल्यावर 600 नंबरच्या वॉटर पेपरने हलके घासा. रंगाचा कॅन दोन मिनिटे हलवा, 20 ते 25 सेंटिमीटरवर धरा, फवारा चाकाबाहेर सुरू करून चाकाबाहेरच थांबवा. आधी आऱ्यांच्या बाजू आणि कोपरे रंगवा, दर्शनी भाग शेवटी. तीन-चार पातळ थर, मध्ये 10-15 मिनिटे. पहिला थर अर्धवट झाकणाराच दिसायला हवा; एका दमात झाकायला गेलात की ओघळ आलाच. मेटॅलिक रंगाचा शेवटचा थर जरा लांबून, धुक्यासारखा द्या, म्हणजे पट्टे दिसत नाहीत. त्यावर लॅकरचे, म्हणजे पारदर्शक संरक्षक रंगाचे, दोन-तीन थर.

हार्डनर मिसळलेले लॅकर पेट्रोल आणि ब्रेकच्या धुळीपुढे जास्त टिकते, पण त्यात आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असते. साधा कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी आहे. योग्य फिल्टरचा रेस्पिरेटर, हातमोजे आणि मोकळी हवा नसेल तर ते वापरूच नका.

प्रश्न : मागच्या वेळी रंग तीन महिन्यांत सुटला. पोपड्याखाली पांढरी भुकटी आणि अळीसारख्या रेघा होत्या. रंग वाईट होता का?

उत्तर : रंगाचा दोष असण्याची शक्यता कमी. ती भुकटी म्हणजे अॅल्युमिनियमचा गंज. लॅकरला बारीक चीर पडली की पाणी आणि मीठ आत शिरते आणि गंज रंगाखालून पुढे सरकत राहतो. वरवर घासून रंगवल्यास तो झाकला जातो, थांबत नाही. शेवटच्या रेघेच्या सेंटिमीटरभर पुढेपर्यंत घासा, पांढरा ठिपका दिसतोय तोवर थांबू नका. घासलेला अॅल्युमिनियम हवेत लगेच पुन्हा ऑक्साइड धरू लागतो, म्हणून त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, प्रायमर द्या. गंज टायरच्या बैठकीपर्यंत गेला असेल आणि हवा हळूहळू उतरत असेल, तर टायर काढून बैठक साफ करावी लागेल. ते टायरवाल्याचे काम.

प्रश्न : रंग सुरकुतला. असे का होते?

उत्तर : खालचा थर अर्धवट सुकलेला असताना वरच्यातले सॉल्व्हंट त्याला फुगवते. पुष्कळ कॅनवर 'तासाभराच्या आत, नाहीतर 24 तासांनंतर' अशा अर्थाची सूचना असते. मधल्या वेळात हात लावू नका. सुरकुतलेला भाग पूर्ण वाळू द्या, सपाट घासा, पुन्हा सुरुवात करा.

प्रश्न : रिमला केसाएवढी चीर आहे. पुटीने भरू का?

उत्तर : नाही. पुटीला ताकद नसते. चाकाची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते, घरी तापवून ठोकल्याने ती कमी होते. चीर गेलेले किंवा वाकलेले चाक जाणकाराला दाखवा. आऱ्यावर चीर असेल तर चाक बदला.

प्रश्न : दर्शनी भाग चकचकीत, बारीक गोल रेघांचा आहे. तसाच परत येईल?

उत्तर : हाताने येत नाही. त्या रेघा लेथवर धातू कापून येतात. घरी करायचे तर तो भाग एकरंगी करावा लागेल.

प्रश्न : चाक कधी बसवायचे?

उत्तर : किमान 24 तासांनी. नट आडवे-तिरपे, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याइतके टॉर्क रेंचने आवळा आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. आठवडाभर जोराच्या पाण्याने किंवा क्लीनरने धुवू नका. नंतरही अॅसिडचा क्लीनर टाळा आणि चाक गरम असताना धुवू नका.