‘यादी तर केव्हाच झाली आहे’ असे मानणाऱ्या एका वडिलांना

प्रश्न : माझी मुलगी विज्ञान शाखेतून बारावी झाली असून दोनदा ‘नीट’ देऊनही तिला पुरेसे गुण मिळाले नाहीत. तिची दोन्ही चुलत भावंडे डॉक्टर आहेत. तिने तिसऱ्यांदा परीक्षा द्यावी असे आम्ही ठरवले आहे. कृपया चांगला क्लास सुचवावा. ती मात्र अरबी समुद्रातील जीवजातींच्या नोंदी करण्याचे काम करायचे म्हणते. बंदरावर जाऊन खेकडे-शिंपल्यांची मापे वहीत लिहीत बसते आणि त्या वहीत निम्म्या नोंदींपुढे नावसुद्धा नसते. समुद्रातील माशांची यादी केव्हाच झालेली असताना यात भवितव्य काय?

उत्तर : सप्रेम नमस्कार. क्लासचे नाव मी सुचवणार नाही. तिच्या गुणांची मला काळजी वाटली नाही; काळजी वाटली ती ‘आम्ही ठरवले आहे’ या शब्दांची. ज्या परीक्षेसाठी तिने आयुष्याची दोन वर्षे दिली, ती पुन्हा द्यायची की नाही हे ठरवताना तिला कोणी विचारले होते का, याचा आपल्या पत्रात कोठेही उल्लेख नाही. चुलत भावंडांचा उल्लेख मात्र आहे. स्पष्ट लिहितो, राग मानू नये : आपल्याला तिच्या भवितव्यापेक्षा नातेवाइकांना काय सांगायचे याची चिंता अधिक वाटते आहे आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला हे न सांगताही कळते. दोन अपयशांनंतरही जी मुलगी स्वतःहून वही घेऊन बंदरावर जाते, तिची उमेद शाबूत आहे. तिसऱ्या सक्तीच्या वर्षानंतर ती तशीच राहील, याची हमी कोणताही क्लास देऊ शकत नाही.

आता यादीविषयी. ती झालेली नाही आणि जी आहे तीही दुरुस्त करत राहावी लागते. समुद्री जीवजातींच्या जागतिक नोंदसूचीच्या संपादकांनी २०१५ मध्ये सुमारे ४ लाख १९ हजार नावे तपासल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांतील सुमारे १ लाख ९० हजार नावे आधीच नाव मिळालेल्या जिवांना पुन्हा दिलेली निघाली. ‘लिटोरिना सॅक्साटिलिस’ या एका लहानशा समुद्री गोगलगायीला तर ११३ नावे होती. अशी गफलत निस्तरण्यासाठी जुनी वर्णने वाचून, संग्रहालयात जपलेल्या मूळ नमुन्याशी हातातला नमुना ताडून पाहावा लागतो. डीएनए तपासणीने हे काम सोपे झाले असले तरी संपलेले नाही, कारण मिळालेला डीएनएचा क्रम ज्याच्याशी जुळवायचा तो संदर्भनमुना कोणीतरी आधी अचूक ओळखलेला असावा लागतो. शिवाय आपण फक्त माशांचा विचार करता आहात. अरबी समुद्राच्या तळच्या चिखलातील कृमी, स्पंज, बारीक कवचधारी जीव, विजयदुर्गच्या पश्चिमेला भर समुद्रात पाण्याखाली असलेल्या ‘आंग्रिया बँक’ या पठारावरची पोवळी, किंवा सुमारे १५० ते १००० मीटर खोलीवरच्या अत्यल्प प्राणवायूच्या थरात तग धरणारे प्राणी यांच्या नोंदी माशांच्या तुलनेत फार तुटपुंज्या आहेत.

आणि ती वही. निम्म्या नोंदींपुढे नाव नाही, ही आपली तक्रार वाचून मला फार आनंद झाला. खात्री नसताना नाव न लिहिणे हा या क्षेत्रातला पहिला गुण आहे आणि तो शिकवून सहजासहजी येत नाही. अंदाजाने लिहिलेले एक चुकीचे नाव पुढच्या दहा याद्यांमध्ये उतरत जाते. मोकळा रकाना मात्र उद्या जाणकाराला भरता येतो.

वाट सरळ आहे : प्राणिशास्त्रात बीएस्सी किंवा रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्यशास्त्राची पदवी, मग सागरी जीवशास्त्रात एमएस्सी, त्यानंतर नेट-जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्तीची राष्ट्रीय परीक्षा आणि पीएचडी. १९१६ पासून कार्यरत असलेले भारतीय प्राणी सर्वेक्षण, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था येथे हे काम चालते. मात्र कायम पदे थोडी असतात, जाहिराती वर्षानुवर्षे रखडतात आणि पीएचडीनंतरची काही वर्षे प्रकल्पांवरच काढावी लागतात, हे तिने आजच समजून घ्यावे. म्हणून संख्याशास्त्र, संगणकावर विदा (डेटा) हाताळणे आणि नकाशांकन या गोष्टी तिने पदवीपासूनच शिकाव्यात. पुढे नोकरी मिळवून देण्यात त्यांचा वाटा मोठा असतो. पाण्याखाली बुडी मारण्याची स्वप्ने ती पाहत असेल, तर दिवसचे दिवस सूक्ष्मदर्शकाखाली कृमीच्या पायांवरचे केस मोजावे लागतात, हेही तिला सांगा.

तिला माझा एक निरोप द्यावा. सर्व जिवांमागे न धावता तिने एक गट निवडावा, खेकडे चालतील. प्रत्येक नोंदीत तारीख, बंदर, जाळ्याचा प्रकार आणि खलाशांना विचारून पाण्याची खोली लिहावी. नमुना अल्कोहोलमध्ये ठेवल्यास बाटलीच्या आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी, कारण पेनची शाई त्यात विरघळते. पोवळी, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या (काकडीच्या आकाराचे समुद्री प्राणी) यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण असल्यामुळे हे जीव जाळ्यात आलेले दिसले तरी घरी आणू नयेत. तेथेच छायाचित्र काढून नोंद करावी.