कार्ड दाखवलं तर सीट जाईल का?

नर्सिंगच्या याद्या लागायच्या दिवसांत माझ्या टेबलावर एकच प्रश्न फिरून फिरून येतो. प्रवेशाच्या मेडिकल तपासणीत काही निघालं तर पोरीची सीट जाते का? चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात, किशोरवयीन मुलामुलींच्या मैत्री क्लिनिकमध्ये मी समुपदेशक आहे. इथून एएनएम, जीएनएम या नर्सिंगच्या कोर्सना जाणाऱ्या मुली पुष्कळ, आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं कार्ड घरात असलेली कुटुंबंही पुष्कळ. त्यातल्याच एका मुलीची ही गोष्ट. तिला इथे सुवर्णा म्हणते. ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

सुवर्णाचा नंबर नागपूरकडच्या एका कॉलेजात जीएनएमला लागला होता. पहिल्या हप्त्याची फी तेंदूपत्त्याच्या पैशातून आणि थोडी उधारी करून भरलेली. वडिलांनी पिशवीतून आधी फीची पावती काढली, मग तपासण्यांची यादी असलेला कॉलेजचा कागद, आणि सगळ्यात शेवटी तीन घड्या घातलेलं सिकलसेलचं कार्ड. पावती आणि यादी टेबलावर ठेवली. कार्ड मात्र हातातच धरून ठेवलं.

"मॅडम, हे तिथं दाखवलं तं पोरीची सीट जाईन काजी? बस स्टँडवर एक जण भेटला. तीनशे रुपयात फिट लिहून आणून देतो म्हणते. पोरगी न्याची गरजच नाही म्हणते."

आई मध्येच म्हणाली, "सीटचं राहू द्या जी. कागदावर एकदा वाहक लिहिलं, तं उद्या सोयरीक कोण करन?"

मला तेव्हाच कळलं की भीती एक नाही, दोन आहेत. वडिलांची कॉलेजची, आईची गावाची. सुवर्णा काहीच बोलत नव्हती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मी आधी तिच्याकडे वळले. "बाळा, तुला स्वतःला कसं वाटतं? दम लागतो का?" ती म्हणाली, "पायऱ्या चढल्या की लागते. पण ते सिकलसेलमुळे असन."

याच वाक्यापाशी मी थांबले. हा समज मी शंभर घरांत ऐकला आहे आणि तो घातक आहे.

तिच्या कार्डावर एएस लिहिलेलं होतं. म्हणजे एका पालकाकडून सिकलसेलचं जनुक आलं, दुसऱ्याकडून चांगलं आलं. ही मुलगी वाहक आहे, रुग्ण नाही. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही, औषध लागत नाही आणि हिमोग्लोबिनही साधारण इतरांसारखंच असतं. म्हणून वाहकाचं हिमोग्लोबिन कमी निघालं, की कारण दुसरीकडे शोधायचं. शिवाय शाळेच्या शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण दोघांचीही पॉझिटिव्ह येते. खरं काय ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्ततपासणीवरच कळतं. सुवर्णाची ती तपासणी झालेली होती, पण तिचा अर्थ घरात कुणी नीट समजावून सांगितलेला नव्हता.

त्याच दिवशी रक्त तपासायला दिलं. हिमोग्लोबिन ८.६ आलं. मुलींमध्ये ते १२ च्या वर हवं. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या केल्या आणि लोहाची कमतरता निघाली. या वयातल्या मुलींत ती नेहमी दिसते: पाळीतला रक्तस्राव, पोटातले जंत, आणि पोरींच्या ताटात सगळ्यात शेवटी पडणारी भाजी. जंताची गोळी दिली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चहासोबत घेऊ नको, लिंबू पिळलेल्या वरणभातानंतर घे, आणि शौचाला काळं झालं म्हणून घाबरून बंद करू नको, हे मी तिला तीनदा सांगितलं. कारण निम्म्या मुली त्या काळ्या रंगालाच घाबरून गोळ्या सोडतात.

मग वडिलांना म्हटलं, "भाऊ, तीनशे रुपयाचा कागद घेतला असता तर हे ८.६ कुठं दिसलं असतं?" ते गप्प झाले. आठ-आठ तास उभं राहायचं, रात्रपाळी करायची, पेशंट उचलायचे. अशा वॉर्डात ही मुलगी पहिल्याच महिन्यात चक्कर येऊन पडली असती, आणि तेव्हा सगळ्यांनी सिकलसेललाच दोष दिला असता. न तपासता दिलेला फिटनेसचा कागद खोटा असतो, आणि त्याची किंमत मुलीचं शरीर मोजतं. या दलालांचा मला मनापासून राग येतो. ते गरीब माणसाच्या भीतीवर पैसे कमावतात.

आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्रावर जे खरं ते लिहिलं: सिकलसेल वाहक, अभ्यासक्रमासाठी तंदुरुस्त, रक्तक्षयाचे उपचार चालू. कॉलेजने ते घेतलं. तिची सीट गेली नाही.

रुग्ण असलेल्या, म्हणजे एसएस मुलीला मात्र मी इतकं सरळ उत्तर देत नाही. तिच्या वेदनांचे झटके किती, रात्रपाळी झेपेल का, हे तिच्या डॉक्टरांसोबत बसून ठरवावं लागतं. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे. त्यामुळे तिनेही लपवून काही मिळत नाही. उलट सांगितलं, तर हक्क मागता येतो.

कॉलेजच्या तपासण्यांच्या यादीत हाताने लिहिलेली एक ओळ होती, एचआयव्ही. त्यावर मी वडिलांना सांगितलं की २०१७ च्या कायद्याने शिक्षणात प्रवेश देण्यासाठी ही तपासणी अट म्हणून घालता येत नाही, आणि संमतीशिवाय ती करताही येत नाही. त्यांनी कॉलेजला फोन करून नम्रपणे विचारलं, तेव्हा ती ओळ वगळली गेली.

लसींची पाळी आली तेव्हा लहानपणीचं कार्ड सापडेना. पावसात भिंत पडली तेव्हा पेटीतले कागद भिजले होते. आई रडकुंडीला आली. पण कार्ड हरवलं म्हणून प्रवेश अडत नाही, लस पुन्हा घेता येते. बीसीजीचा व्रण डाव्या दंडावर होता. रुबेलाचं विचारलं तर सुवर्णा एकदम खुलली. "शाळेत दिली होती मॅडम, अंगठ्याला शाई लावली होती!" ती महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरात सुरू झालेली गोवर-रुबेला लसीकरण मोहीम. तरी आठवण म्हणजे नोंद नव्हे. डॉक्टरांनी नवा डोस द्यायचं ठरवलं, त्याने नुकसान नसतं.

सगळ्यात महत्त्वाची लस हेपॅटायटिस बीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची. देशभरातल्या बाळांच्या नियमित लसीकरणात ती २०११ पर्यंत आली, आणि सुवर्णाचा जन्म त्याच्या आधीचा. भारतीय परिचर्या (नर्सिंग) परिषदेच्या नियमांतही विद्यार्थ्यांची दरवर्षी तपासणी आणि ही लस लिहिलेली आहे. तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी. ती १० किंवा जास्त आली म्हणजे संरक्षण तयार झालं.

"एवढं कशाला?" असं वडिलांनी विचारलं. त्यांना मी माझ्याकडे पूर्वी आलेल्या एका विद्यार्थिनीचं सांगितलं. तिचा एकच डोस झाला होता. वापरलेल्या सुईला टोपण लावताना ती बोटात घुसली. ट्यूटर रागावतील म्हणून तिने तीन दिवस कुणाला सांगितलं नाही. माझ्यासमोर बसली तेव्हा ती ते बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत लपवून बसली होती. लस न घेतलेल्याला अशा सुईतून हेपॅटायटिस बी होण्याचा धोका, पेशंटला तो असेल तर, ३० टक्क्यांपर्यंत जातो. एचआयव्हीचा त्या मानाने खूप कमी, साधारण ०.३ टक्के, पण त्याची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच सुरू व्हावी लागतात. तिच्या पेशंटचे दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह निघाले. पण ते तीन दिवस तिने एकटीने काढले, हे मला आजही टोचतं. टोपण लावायचं नाही, टोचलंच तर साबणपाण्याने धुवायचं, आणि ट्यूटर रागावल्या तरी त्याच मिनिटाला सांगायचं. हे मी सुवर्णाकडून म्हणवून घेतलं.

राहिली आई. तिला मी कागदावर आकृती काढून दाखवली. वाहक मुलीचा नवरा वाहकही नसेल आणि रुग्णही नसेल, तर बाळाला सिकलसेलचा आजार होत नाही. दोघं वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता. म्हणून लग्नाआधी मुलाची रक्ततपासणी मागायची. सोयरीक तोडायला नाही, जुळवायला. तिने कागद घडी करून कनवटीला लावला, पण म्हणाली, "गावात सांगू नका जी." मी शब्द दिला. कुणाला सांगायचं ते घर ठरवेल, मी नाही.

मे महिन्यात सुवर्णा सुट्टीवर आली. बाहेर भट्टी पेटल्यासारखं ऊन होतं, आणि वाहकांनी उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नये म्हणून हातात बाटली. हिमोग्लोबिन ११.८. अँटीबॉडी दहाच्या किती तरी वर. प्लास्टिकच्या फाइलमध्ये नवं लसीकरण कार्ड, त्याच्या मागे सिकलसेलचं कार्ड, घडी न घातलेलं. सोबत गडचिरोलीकडची तिची रूममेट होती. ती जरा मागेच उभी होती. सुवर्णानेच तिला पुढे ढकललं. "सांग न मॅडमला."

"माझा हेपॅटायटिसचा दुसरा डोस सहा महिन्यांपूर्वीच घ्याचा होता," ती म्हणाली. "आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करा लागते काजी?"

"नाही," मी म्हटलं. "जिथं थांबली तिथूनच पुढं. कार्ड आणलंस का?"

तिने पिशवीची चेन उघडली.