वर्षाला ५२ पुस्तकं वाचायचं ठरवलं होतं, एप्रिल संपत आला तरी पाचच झाली. असं लक्ष्य ठेवण्यात अर्थ आहे का?

आहे. पण आकडा आजच कमी करा.

पुस्तक सरासरी २०० पानांचं धरलं तरी ५२ पुस्तकांची १०,४०० पानं होतात. म्हणजे रोज २८-२९ पानं, वर्षभर एकही खाडा न करता. तुम्ही लिहिलंय की दोघांचीही नोकरी आहे आणि घरात तीन वर्षांचं मूल आहे. अशा घरात रोजचा सलग तास कुठून आणणार? २४ पुस्तकं ठरवलीत तर हाच हिशोब रोजच्या १३ पानांवर येतो, आणि तेवढी पानं अर्ध्या तासात होतात.

मी नागपूरला राहते आणि २४चंच लक्ष्य ठेवते. माझा अनुभव असा, की वेळ काढू म्हटलं की निघत नाही, जागा ठरवली की वाचन होतं. माझी जागा मेट्रोत आहे. सकाळी लोकमान्य नगरला बसले की सीताबर्डी येईपर्यंत मला कुणी हाक मारत नाही. सुभाष नगर गेल्यावर खिडकीतून अंबाझरी तलाव दिसतो, तेव्हा एकदा मान वर होते, तेवढीच. परतीच्या गर्दीत उभ्याने वाचणं जमत नाही, म्हणून संध्याकाळ मी हिशोबात धरतच नाही.

दुसरी जागा उन्हाळ्यातली. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला, नवतपा (सर्वांत तापणारे नऊ दिवस) लागला, की रविवारी दुपारी घराबाहेर पाय टाकायची सोय नसते. दारं-खिडक्या लावून सगळे कूलरसमोर. जाडजूड कादंबऱ्या मी याच दुपारांसाठी राखून ठेवते. कूलरच्या ओलसर हवेने कागद नरम पडतो, पानं सारखी उडतात, डाव्या पानावर चष्म्याचं घर ठेवून वाचावं लागतं. मागे सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना याच खोलीत मोठ्याने वाचून दाखवायचे. मनात वाचण्याइतका वेग राहत नाही. त्यात त्या मधेच थांबवायच्या, "थांब गं, ही तर आपल्या वर्ध्याच्या मामींसारखीच बोलते," आणि मग मामींचा विषय निघायचा. एक पुस्तक संपायला पूर्ण उन्हाळा गेला. त्या वर्षीच्या वाचनातलं मला सगळ्यात जास्त तेच आठवतं, अगदी संवादांसकट.

म्हणून माझं ठाम मत आहे की आकड्यासाठी बारीक पुस्तकं निवडू नयेत. २४मधल्या दोन जागा जाड पुस्तकांसाठी जानेवारीतच राखाव्यात, मग बाकीची २२ होवोत न होवोत.

काय मोजायचं, हेही तुम्ही विचारलंय. दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला तर मी तो एक पुस्तक धरते, नुसता चाळला तर नाही. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरांत दिवाळीनंतरचं वाचन बरंचसं याच अंकांचं असतं, ते यादीबाहेर का ठेवायचं? मोठ्याने वाचून दाखवलेलंही मोजते.

जमलं तर एकदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर या. १९५६च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ लाखो लोक येतात आणि पुस्तकांच्या दुकानांपुढे उभं राहायला जागा नसते. तिथे एक आजी विक्रेत्याला विचारत होत्या, "मोठ्या अक्षरातलं हाये का?" तीन-चार पुस्तकं उघडून, अक्षर डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि त्यांना वाचता येईल असं एक घेतलं. इतक्या काळजीने पुस्तक निवडणारं माणूस पाहिलं की वर्षाला किती वाचता, हे विचारावंसं वाटत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मुलाला झोपताना गोष्ट वाचून दाखवता, ती पुस्तकं वेगळ्या पानावर लिहा, पण लिहा. गुडरीड्स या वाचनाची नोंद ठेवायच्या साइटवर लक्ष्य ठेवलं असेल तर वर्षाच्या मधेही आकडा बदलता येतो. ५२चे २४ करा. पाच झालीच आहेत, उरलेल्या आठ महिन्यांत १९ म्हणजे महिन्याला दोन-अडीच. त्यातलं जाड पुस्तक मे महिन्यासाठी आत्ताच वाचनालयातून आणून ठेवा.