जनुकाच्या प्रती वाढल्या, मग माध्यमातले प्रथिन का घटले?

पिकिया पास्टोरिस या यीस्टमध्ये एकशृंखली प्रतिपिंडाच्या (प्रतिपिंडाचे बांधणारे दोन भाग एकाच साखळीत जोडलेले प्रथिन) जनुकाच्या सहा-सात प्रती बसवल्या, झिओसिन या प्रतिजैविकाच्या चढत्या मात्रेवर क्लोन निवडले आणि तरीही पेशींनी माध्यमात सोडलेले प्रथिन एका प्रतीच्या क्लोनपेक्षा निम्मेच भरले, असे आपण लिहिले आहे. आपली अडचण जनुकात नसून त्याच्या बऱ्याच पुढे असावी.

मेथॅनॉलवर चालणारा एओएक्स-१ प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) मुळातच इतका जोरकस आहे की एका प्रतीवरूनही भरपूर आरएनए तयार होतो. प्रथिनाला मात्र आंतर्द्रव्यजालिकेत (पेशीत प्रथिनांची घडी पडते त्या कप्प्यात) शिरून नीट घडी पडल्याशिवाय, आणि आपल्या प्रतिपिंडाच्या बाबतीत दोन्ही डायसल्फाइड बंध जुळल्याशिवाय, गॉल्जीकडे, म्हणजे बाहेर पडण्याच्या वाटेवरच्या पुढच्या कप्प्याकडे, जाता येत नाही. आवक वाढली आणि घडी घालणारी यंत्रणा तेवढीच राहिली, तर अर्धवट रेणू तिथेच तुंबतात, आणि पेशी त्यांना पेशीद्रवात ओढून प्रोटिअसोम या प्रथिने तोडणाऱ्या यंत्रणेत मोडीत काढते.

पण हे अंदाजाने ठरवू नये. नमुना घेताना आपण वरचे माध्यम जपतो आणि पेशींचा गोळा फेकून देतो (मी स्वतः कित्येक आठवडे तेच केले), आणि उत्तर नेमके त्या गोळ्यात असते. काचेच्या मण्यांनी पेशी फोडून तो नमुना माध्यमाच्या शेजारच्या लेनमध्ये वेस्टर्न ब्लॉटला (प्रथिने आकारानुसार वेगळी करून हवे ते प्रतिपिंडाने ओळखण्याची चाचणी) लावावा. प्रथिन पेशीबाहेर पाठवण्यासाठी त्याच्या पुढे अल्फा-फॅक्टरचा पूर्ण संकेत जोडला असेल, तर त्याचा ६६ अमिनो आम्लांचा प्रो-भाग केक्स-२ हे विकर गॉल्जीच्या अखेरच्या टप्प्यात कापते. त्यामुळे पेशीतला बँड माध्यमातल्या बँडपेक्षा जड असेल, साखरेच्या साखळ्या काढणारे एंडो-एच विकर दिल्यावर खाली सरकत असेल, पण तरीही सुमारे ७ किलोडाल्टनने जडच राहत असेल, तर माल केक्स-२पर्यंत पोहोचलेलाच नाही.

तसे दिसल्यास आधी स्वस्त उपाय करावेत. झिओसिनला तग धरणे म्हणजे प्रतींची मोजणी नव्हे. क्यूपीसीआरने (डीएनएच्या प्रती मोजणारी चाचणी) मोजून एक, दोन आणि तीन प्रतींचे क्लोन शेजारी-शेजारी वाढवावेत आणि मेथॅनॉल सुरू केल्यावर तापमान ३० वरून २२ ते २५ अंशांवर आणावे. त्यानंतरच पेशीत बदल करावा, आणि डायसल्फाइड बंध जुळवणारे पीडीआय हे विकर मी सर्वांत आधी वाढवीन. घडी घालणारी सगळी यंत्रणा एकदम वाढवणारे हॅक-१ हे नियामक प्रथिन द्यायचे झाल्यास त्याच्या जनुकाचे इंट्रॉन (मधला कापून टाकायचा तुकडा) काढलेले रूपच द्यावे, कारण इंट्रॉन असेपर्यंत त्या आरएनएपासून प्रथिन बनणे अडलेले असते; तेही एओएक्स-१ खाली ठेवावे, नाहीतर कायम चालू राहिलेले हॅक-१ पेशींची वाढच मंदावू शकते. पीडीआयला पुन्हा कामाजोगे करणाऱ्या एरो-१ या विकराच्या मागे मी लगेच लागणार नाही, कारण प्रत्येक बंधामागे हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक रेणू तयार होतो.

शिवाय पिकिया म्हणजे स्राव, हे समीकरणही सरसकट नाही. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सची १९९७ची हेपटायटिस-बी लस पिकियातलीच, पण तिचे प्रतिजन पेशीतच राहते आणि पेशी फोडून काढावे लागते.

दोन्ही लेन असलेला ब्लॉट आणि मेथॅनॉल दिल्यानंतरच्या प्रत्येक दिवसाची पेशीघनता इथे टाकावी; पीडीआयचे जनुक असलेला प्लाझमिड (पेशीत घालायचा डीएनए) मागवायचा की नाही, हे त्यावरून ठरवू.