फवारणीचं काम आणि वाढलेली शुगर: छाटणीआधी कोलिनएस्टरेजची रक्ततपासणी करून घ्या

ताई, तुमचे मिस्टर तासगावकडं दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत औषध मारायला जातात. यंदा त्यांची शुगर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणतात टेन्शन, शेजारचे म्हणतात औषधाचा परिणाम. मिरजेत लॅबमध्ये बरीच वर्षं काढल्यावर मी एवढं सांगते की यातलं एकच धरून बसू नका. झोप मोडली, डावणी या द्राक्षावरच्या बुरशीरोगाच्या धास्तीनं रात्री-अपरात्री ब्लोअर (फवारणीचं यंत्र) चालवावा लागला, की अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं आणि यकृत रक्तात साखर सोडतं. क्लोरपायरीफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं कोलिनएस्टरेज हे नसांचे संदेश वेळेवर थांबवणारं एन्झाइम अडवतात. त्यानं मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींनाही चेव येतो, तेच अ‍ॅड्रेनलिन उसळतं. मदुराईच्या संशोधकांनी २०१७ मध्ये उंदरांवर आणखी एक वाट दाखवली: आतड्यातले जिवाणू ही औषधं फोडतात, त्यातून अ‍ॅसिटेट बनतं आणि अ‍ॅसिटेटपासून शरीर जास्तीचं ग्लुकोज तयार करतं.

कॉर्टिसॉलच्या एका तपासणीवर पैसे घालवू नका. ते सकाळी चढतं, मध्यरात्री उतरतं. एका आकड्यावरून काही ठरत नाही.

कोलिनएस्टरेजची तपासणी मात्र नक्की करा, आणि छाटणीनंतरच्या फवारण्या सुरू व्हायच्या आधीच. निदान महिनाभर कीटकनाशक मारलेलं नसेल तेव्हाचा आकडा हा त्यांचा मूळ आकडा. नॉर्मलची रेंज इतकी रुंद असते की एखाद्याचं एन्झाइम बरंच घसरलं तरी रिपोर्टवर नॉर्मलच छापून येतं. म्हणून फवारणीच्या दिवसांत पुन्हा तपासलेल्या आकड्याची तुलना रेंजशी नाही, त्यांच्याच जुन्या आकड्याशी, आणि दोन्ही वेळा तपासणी एकाच लॅबमध्ये. कॅलिफोर्नियात नियमच आहे: २० टक्के घसरलं की कामाची पद्धत तपासायची, लाल पेशींतलं ३० किंवा प्लाझ्मातलं (रक्ताच्या पातळ भागातलं) ४० टक्के घसरलं की त्या माणसाला फवारणीवरून हटवायचं. बुरशीनाशकांचा मारा या तपासणीत दिसत नाही, हेही ध्यानात असू द्या. सोबत एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी करा. ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह. आकडा काहीही आला तरी शुगरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शुगरच्या गोळ्या घेणाऱ्याला बागेत घाम फुटला, हात थरथरले, की लोक साखर खायला घालून सावलीत बसवतात. विषबाधेतही घाम आणि थरथर असते. ग्लुकोमीटर सोबत ठेवा. साखर कमी नसेल आणि तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, छाती जड असेल तर अंगातले कपडे काढा, अंग साबणानं धुवा आणि फवारणीच्या औषधाचं लेबल घेऊन थेट दवाखाना गाठा.

छाटणीनंतर वेलीच्या काड्यांवरचे डोळे (कोंब) फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात त्या दिवसांत, आणि पुढेही काही दिवस, दारूचा थेंबही नको. ते दारू पचवणारं एन्झाइम बंद पाडतं. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, बीपी कोसळतं.

औषध सर्वांत जास्त कातडीतून आत जातं, त्यामुळे नुसता रुमाल बांधून भागत नाही. पूर्ण बाह्या, नायट्राइलचे हातमोजे, गमबूट लागतात, आणि ते बागमालकाकडून मागून घ्या. फवारणीचे कपडे मुलांच्या कपड्यांत भिजवू नका, आणि ते धुताना हातमोजे तुम्हीही घाला.